नाव न विचारता



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी शुद्धलेखन गिरविले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आपल्या मुख्याध्यापक गुरुजींच्या स्मरणार्थ चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषयाची निवड माझ्यावर सोपविताना संयोजकांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, मी संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठी कवितेवर बोलेन. आयुष्यभर मी तेच शिकविले. परंतु आजचे निमंत्रण हाती आले तेव्हा मला गुरुजींचा वर्ग आठवला नाही; गुरुजी आठवले ते इंदूर-खंडवा गाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, खिडकीशी उभे राहून आम्हां पोरांची शिरगणती करणारे. म्हणून आज मी प्रवासात भेटणाऱ्या अनोळखी माणसांविषयी, आणि त्यांनी एकमेकांना दिलेल्या-घेतलेल्या माणुसकीविषयी बोलणार आहे. विषय घरगुती आहे. तो क्षुल्लक मात्र नाही.

प्रथम शब्दांकडे वळतो. मराठीच्या प्राध्यापकाला ती खोड असतेच. आपण प्रवाशाला ‘उतारू’ म्हणतो. ‘उतरणे’ या क्रियापदाचे अर्थ पाहा : नदी पार करणे, मुक्कामाला थांबणे आणि वाहनातून खाली येणे. गाडीत चढलेल्या माणसाला आपल्या भाषेने चढण्यावरून नाव दिले नाही, उतरण्यावरून दिले. हा मनुष्य थोड्या वेळाने जाणार आहे, हे त्या शब्दातच सांगून ठेवले आहे. दुसरा शब्द ‘अतिथी’. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्याची फोड परंपरेने केली जाते. एकाचे येणे ठरलेले नाही, दुसऱ्याचे जाणे ठरलेले आहे. या दोहोंच्या मधल्या वेळात आपण त्याच्याशी कसे वागतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

वाटसरूची सोय करणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. आपण अहिल्याबाईंच्या राज्यात वाढलेली माणसे आहोत, तेव्हा हे तुम्हांला वेगळे सांगावयास नको. देवी अहिल्याबाईंनी (१७२५–१७९५) आपल्या राज्याच्या सीमा ओलांडून दूरदूरच्या तीर्थस्थानी घाट बांधले, विहिरी खोदविल्या, धर्मशाळा उभारल्या. ज्यांची तोंडेही आपण कधी पाहणार नाही अशा माणसांच्या तहानेचा विचार महेश्वरी बसून करणे, ही साधी गोष्ट नव्हे.

तथापि जुन्या काळच्या आतिथ्याकडे आपण भाबडेपणाने पाहू नये. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले. महू, ग्वाल्हेर, झाशी असा प्रवास करीत, वाटेत लुटले जात, अखेर गंगोदकाची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्या धामधुमीत अनोळखी मुलुखात हा भिक्षुक तरला तो अनेकांच्या दारी मिळालेल्या आसऱ्यावर, हे खरे. परंतु तो दारात उभा राहिला की त्याचे जानवे त्याच्याआधी बोलत असे. गाव अनोळखी होते. मनुष्य तितकासा अनोळखी नव्हता. आपले जुने आतिथ्य हे पुष्कळदा जात ओळखून केलेले आतिथ्य होते. ‘कोण, कुठले’ हा प्रश्न आधी आणि पाण्याचा तांब्या मागाहून, असा तो क्रम होता. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणून पाया पडतात, तेथे हा प्रश्न गळून पडतो, हे आपले केवढे भाग्य. तरीही त्याच पंढरपूरच्या मंदिराचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, हेही आपण विसरू नये.

या क्रमाला खरा धक्का दिला आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिकिटावर गावाचे नाव होते, भाडे होते, वर्ग होता, जात नव्हती. ज्यांच्या सात पिढ्या एका पंगतीला बसल्या नव्हत्या ती माणसे एका फळीवर मांडीला मांडी लावून बसली. आपल्या इंदुरात ही गाडी आणण्यासाठी महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली एक कोटी रुपयांचे कर्ज ब्रिटिश सरकारला १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले. खंडव्याहून निघालेला हा मीटरगेज मार्ग नर्मदा ओलांडून, चोरल नदीच्या खोऱ्यातून विंध्याचा घाट चढून, महूमार्गे इंदुरास पोहोचला. पुढे स्वातंत्र्यानंतर खंडवा आणि हिंगोली यांच्यामधला दुवा सांधला गेला व हीच वाट अकोला, वाशिम, पूर्णा, नांदेड अशी थेट हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत गेली. इंदूरचा मराठी माणूस आणि हैदराबादचा मराठी माणूस यांना जोडणारी ही छोट्या रुळांची गाडी होती. माझ्या तिन्ही गोष्टी याच गाडीत घडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट १९६१ सालच्या मे महिन्यातली. मी अकरा वर्षांचा होतो. आई आणि मी खंडव्याहून परत येत होतो. कालाकुंडला घाटासाठी मागून दुसरे इंजिन लागे. प्रवासी तेवढ्या वेळात खाली उतरून पळसाच्या पानावरचा कलाकंद घेत. त्या दिवशी गाडी कालाकुंडहून निघाली आणि पाताळपाणीच्या अलीकडे घाटातच थांबून राहिली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. पत्रा तापला होता. आमच्या समोरच्या फळीवर एक बाई तीन-चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी पाण्यासाठी रडू लागली. बाईजवळचे भांडे रिकामे झाले होते.

आईजवळ फिरकीचा तांब्या होता. पाणी घरचे होते. आईने फिरकी उघडली, हात पुढे केला, आणि सवयीने, अगदी केवळ सवयीने विचारले, ‘‘कोण तुम्ही? कुठल्या?’’

बाई म्हणाली, ‘‘आम्ही महूच्या. बाबासाहेबांच्या गावच्या.’’

आईचा हात थांबला. फार वेळ नव्हे, एखाद्या श्वासाइतका. मग ती म्हणाली, ‘‘ओंजळ धर म्हणावं तिला, वरून घालते.’’ त्या बाईने आईकडे पाहिले. मुलीचे तोंड पदराने पुसले. ‘‘राहू द्या बाई,’’ ती म्हणाली, ‘‘महू आता येतंच आहे.’’

महू लगेच आले नाही. मुलगी रडून रडून झोपली. त्या उरलेल्या वेळात डब्यात कोणी बोलले नाही. आईने स्वतःही त्या तांब्यातले पाणी घेतले नाही, आणि मलाही मागण्याचा धीर झाला नाही.

मित्रहो, माझी आई निर्दय नव्हती. आमच्या घरी दोन विद्यार्थी वारावर जेवत. आजाऱ्याच्या उशाशी रात्र-रात्र बसणारी ती बाई होती. म्हणूनच ही गोष्ट मला इतकी वर्षे टोचत राहिली आहे. वाईट माणसाने पाणी नाकारले असते तर त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. चांगल्या माणसाचा पुढे आलेला हात एका प्रश्नाने अडला, हे सांगण्यासारखे आहे.

पुष्कळ वर्षांनी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मनिवेदन वाचले. १८९१ साली बाबासाहेब महूलाच जन्मले, हे आपण सर्व जाणता. १९०१ साली ते घरच्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनवर ती उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली ती पोरे पाहून स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली. तुम्ही कोण, असे त्याने विचारले. मुलाने भाबडेपणाने आपली जात सांगितली. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे सरला. पुढे दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला. पण बैल हाकायचे मुलांनी, तो स्वतः पायी चालणार. बरोबर शिदोरी होती, परंतु वाटेत पाणी कोणी दिले नाही, म्हणून पोरे उपाशी राहिली. ते पान वाचताना मला मसूरचा स्टेशनमास्तर दिसेना. मला फिरकीचा तांब्या दिसला. दोन्हीकडे आधी दया आली होती. मग प्रश्न आला. आणि प्रश्नाचे उत्तर मिळताच दया निघून गेली.

आता गुरुजींकडे येतो. १९६४ साली मी नववीत होतो. गुरुजींनी आमच्या वर्गाची ओंकारेश्वरला सहल काढली. आदल्या दिवशी त्यांनी सूचना दिली : प्रत्येकाने डब्यात दोघांपुरत्या दशम्या आणायच्या. एक वाटा आपला, दुसरा वाटा गाडीतल्या परक्या माणसाला द्यायचा. आणि सोमवारी त्यावर निबंध लिहायचा. आम्ही टाळ्या पिटल्या. तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘‘एक अट आहे. देण्याआधी त्याचे नाव-गाव विचारायचे नाही. दिल्यावरही विचारायचे नाही.’’

तुम्हांला हे सोपे वाटेल. चौदा वर्षांच्या मराठी मुलाला हे किती अवघड होते म्हणून सांगू! आपल्या संभाषणाची सुरुवातच मुळी नावापासून, नव्हे आडनावापासून होते. आडनाव कळले की आपण मनातल्या मनात समोरच्याला एका खणात ठेवतो आणि मग निश्चिंत होऊन बोलू लागतो. गुरुजींनी आमचा तो खणच काढून घेतला. महूला गाडी थांबली तेव्हा मी फलाटावरच्या माणसांकडे पाहत बसलो होतो. का, ते मी कोणाला सांगितले नाही. पुढे एक म्हातारी निमाडी बाई डोक्यावर गाठोडे घेऊन चढली. मी उठून जागा दिली, दशमी पुढे केली. तिने ती घेतली, अर्धी मोडून मलाच परत दिली, आणि गाठोड्यातून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. तिची निमाडी, माझी मराठी. बडवाह येईपर्यंत आम्ही शेंगा फोडीत बसलो. ती कोण होती, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

सोमवारी निबंधात मी ही हकीकत लिहिली. त्याखाली, कोणी न सांगता, तीन वर्षांपूर्वीची तांब्याची हकीकतही लिहिली. वही परत आली. तिच्यावर गुण नव्हते. शेवटच्या ओळीखाली गुरुजींनी लाल शाईने एवढेच लिहिले होते : ‘आईला वाचून दाखव.’

मी ते वाचून दाखवले नाही. माझ्यात तेवढे धैर्य नव्हते. वही मात्र मी देवघराच्या फडताळात, आईला दिसेल अशी ठेवली. ती तिने वाचली की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही. पुढच्या उन्हाळ्यात आईने फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ ठेवला. पहिल्या वर्षी त्यावर लांब दांड्याचे ओगराळे होते. ती स्वतः वरून धार धरी. दुसऱ्या वर्षी ओगराळे गेले आणि तेथे पितळेचा एक पेला आला. एकदा उन्हातून आल्यावर तिने स्वतःही त्याच पेल्याने पाणी प्याल्याचे मी पाहिले. ती काही बोलली नाही, मीही नाही. माणसे पुष्कळदा अशीच बदलतात. भाषण न करता आणि थोडी थोडी. महूच्या त्या मुलीला मात्र त्या दुपारी पाणी मिळाले नाही, आणि आमच्या माठाने तिची तहान भागत नाही, हेही मी आपल्यापाशी कबूल करतो.

तिसरी गोष्ट १९७३ सालची. मी एम. ए. झालो होतो आणि अधिव्याख्याता पदाच्या मुलाखतीसाठी हैदराबादला निघालो होतो. अकोला सोडल्यावर मला थंडी भरून आली. ताप चढला. डब्यातला दिवा बंद होता. दात वाजू लागले तशी शेजारच्या माणसाने आपल्या अंगावरची चादर काढून माझ्या अंगावर घातली. पुढे कोणत्या तरी स्टेशनवर तो उतरला, पाणी आणले, रुमाल भिजवून माझ्या कपाळावर ठेवला. रात्रभर तो रुमाल बदलीत होता. मध्येच त्याने मला गरम चहा पाजला. बशी त्यानेच माझ्या ओठांना लावली. मला आठवतो तो त्याचा खरखरीत हात, विडीचा वास, आणि हैदराबादी वळणाची हिंदी. पहाटे नांदेडला मला जाग आली तेव्हा ताप उतरला होता आणि शेजारची जागा रिकामी होती. चादर माझ्या अंगावरच होती.

ती परत करण्याचा मार्ग नव्हता. नाव नव्हते, पत्ता नव्हता, चेहराही अंधारात नीट पाहिलेला नव्हता. सावकाराचे कर्ज फेडता येते. आप्तेष्टांच्या उपकाराची परतफेड लग्नकार्यात करता येते. उतारूचे ऋण ज्याचे त्याला फेडता येत नाही. ते पुढे भेटणाऱ्या तिसऱ्याच कोणाला तरी द्यावे लागते. त्यामुळेच त्यात व्यवहार शिरत नाही. ज्याला आपण पुन्हा भेटणार नाही, ज्याच्याकडून आपल्याला प्रशंसाही मिळणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागलो, यावरूनच आपल्या चांगुलपणाची खरी परीक्षा होत असावी.

ही गोष्ट मी अनेक ठिकाणी सांगितली आहे. प्रत्येक वेळी ती संपल्यावर कोणीतरी मला विचारते, ‘‘तो कोण होता हो?’’ श्रोत्यांना काय हवे असते ते मला कळते. कोणाला तो मुसलमान असावा असे वाटते, म्हणजे गोष्टीला ऐक्याचा रंग चढेल. कोणाला तो आपल्यातलाच असावा असे वाटते. खरे सांगतो, एक-दोनदा सभेचा रंग पाहून मीही त्याला मनाने एक धर्म देऊ पाहिला. मग गुरुजींची अट आठवली आणि मी जीभ आवरली. त्या माणसाने मला नाव विचारले नाही. त्याला मागाहून जात चिकटविणे ही कृतघ्नता होईल.

येथे एक रास्त आक्षेप आहे आणि तो मला टाळता येणार नाही. आज स्टेशनवर सूचना ऐकू येते की, अनोळखी माणसाने दिलेले काही खाऊ नका. ती सूचना अकारण नाही. गुंगीचे औषध घालून प्रवाशांना लुटल्याचे प्रकार घडलेले आहेत. माझी नात एकटी प्रवासाला निघते तेव्हा मीही तिला तेच बजावतो. तेव्हा गुरुजींची दशमी आज चालणार नाही, हे मी मान्य करतो. परंतु सावधपणा आणि तुसडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाणे न घेता-देताही पुष्कळ काही देता येते. उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला जागा, बाळंतिणीला खिडकी, वरच्या फळीवरची जड पेटी खाली उतरवून देणे, परगावच्या माणसाला स्टेशन आल्याची आठवण, झोपलेल्याच्या सामानावर लक्ष. यांपैकी कशालाही आडनाव लागत नाही.

आणि हा झरा अगदी आटला आहे असेही मला वाटत नाही. मार्च २०२० मध्ये देशातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. श्रमिकांसाठी खास गाड्या १ मेपासून सुरू झाल्या, तरी त्या मे महिन्यात आपल्या शहराच्या बाहेरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने हजारो माणसे पायी आपल्या गावाकडे चालली होती. रस्त्याच्या कडेला उभे राहून इंदूरच्या लोकांनी त्यांना अन्न दिले, पाणी दिले, अनवाणी पायांसाठी चपला दिल्या. चपल देताना पायाचे माप विचारावे लागते. त्यापलीकडे काही विचारण्याची गरज नसते.

आपली ती छोट्या रुळांची गाडी आता गेली. अकोला-खंडवा मार्ग २०१७ साली रुंदीकरणासाठी बंद झाला. २०२३ साली महूहून ओंकारेश्वर रोडला जाणारी गाडीही थांबली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या टप्प्यावर २०१८ पासून हौशी प्रवाशांसाठी वारसा-गाडी धावू लागली. मी तीत एकदा जाऊन आलो. आसने सुखाची होती, खिडक्या मोठ्या होत्या. १९६१ साली गाडी जेथे थांबली होती ती जागा ओळखण्याचा मी प्रयत्न केला. ती मला ओळखता आली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही येथून बाहेर पडाल, पुण्या-मुंबईला, बंगलोरला, परदेशीही जाल. मराठी माणूस म्हणून आपण माळव्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिलो, ते इथल्या लोकांनी आपल्याला जागा करून दिली म्हणून. आपले पूर्वजही येथे उतारूच होते. तेव्हा जागा करून देणे हे आपल्यावरचे जुने देणे आहे. पुढच्या प्रवासात शेजारच्या माणसाला काही मदत करण्याची वेळ आली, तर ती करा. आणि ओठांवर आलेला तो जुना प्रश्न, एकदा तरी, गिळून टाका. गुरुजींना यापेक्षा वेगळी श्रद्धांजली आवडली असती असे मला वाटत नाही.

गुरुजींच्या त्या शेऱ्याची आज्ञा पाळण्याचे मात्र राहून गेले होते. आई गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तो निबंध आज, साठ वर्षांनी का होईना, मी आपणा सर्वांसमोर वाचून दाखविला, असे समजा.